नेव्हिगेशन गाडीतलं की फोनवरचं? पैसे मोजण्याआधी तपासायच्या गोष्टी

शिवडीहून अटल सेतूवर चढलो आणि मेव्हण्याच्या गाडीतल्या पडद्यावरचा बाण सरळ समुद्रात उतरला. पुढची दहा मिनिटं आम्ही नकाशावर पोहत होतो. आतली बाई मधूनमधून ‘यू-टर्न घ्या’ म्हणत होती आणि मागच्या सीटवर भाचीच्या फोनमध्ये तोच पूल निळ्या रेघेत पार पलीकडच्या टोकापर्यंत दिसत होता. गाडी २०२१ची, पुलाचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४चं. गाडी शोरूममधून निघाली त्या दिवशी तिच्यातला नकाशा जिथे थांबला, तिथेच तो अजून थांबलेला होता. ‘यासाठी टॉप मॉडेल घेतलं,’ मेव्हणा म्हणाला. बहिणीनं खिडकीबाहेर बघत हसू दाबलं.

तेव्हापासून नवी गाडी घेणाऱ्या कुणीही विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: पडदा गाडीचा घ्या, नकाशा फोनचा ठेवा. गाडी आपण दहा-बारा वर्षं वापरतो, रस्ते मात्र दर पावसाळ्यानंतर बदलतात. या उत्तराला अपवाद आहेत, आणि ते नेमके कुणाला लागू पडतात हे घरबसल्या ठरवता येतं. त्याचीच ही रीत.

आधी, निवड कशाकशात आहे?

शोरूममध्ये ‘नेव्हिगेशन आहे’ या दोन शब्दांत अगदी वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात, म्हणून त्या सुट्या करून घेऊ.

पहिला प्रकार कंपनीनं बसवलेल्या खऱ्या नेव्हिगेशनचा. नकाशा गाडीच्याच मेमरीत असतो (जुन्या काही गाड्यांत एसडी कार्डावर), जीपीएसचा अँटेना गाडीचा असतो आणि फोन घरी विसरलात तरी ते चालतं. अलीकडच्या गाड्यांत त्याला ई-सिमची, म्हणजे गाडीतच बसवलेल्या इंटरनेटच्या सिमची जोड असते, त्यामुळे ट्रॅफिकही दिसतं.

दुसऱ्या प्रकारात पडदा कंपनीचा, पण त्यावर अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्ले. इथे नकाशा, इंटरनेट, आवाज सगळं फोनचं. गाडी फक्त आरसा धरते. पुष्कळ सेल्समन यालाच ‘नेव्हिगेशन’ म्हणतात. ते खोटं बोलत नाहीत, पण पूर्णही सांगत नाहीत.

तिसरा प्रकार बाहेरून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ: ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळणारा नऊ-दहा इंची टॅबच म्हणा ना. आणि चौथा म्हणजे होल्डरवर लावलेला साधा फोन.

काचेला चिकटवायची वेगळी जीपीएस यंत्रं पूर्वी मिळायची. गार्मिन आणि टॉमटॉम जगभर चालायची, आपल्याकडे मॅपमायइंडियाचीही होती. आता त्यांच्यासाठी मुद्दाम पैसे घालवावेत असं साध्या कुटुंबाच्या गाडीला काही कारण उरलेलं नाही.

पायरी पहिली: वर्षभराचा प्रवास कागदावर मांडा

गाडीची माहितीपुस्तिका बाजूला ठेवा आणि मागच्या वर्षी गाडी कुठे कुठे गेली ते लिहून काढा. रोजचं घर-ऑफिस? मग तुम्हाला रस्ता माहीत आहे, हवं आहे ते फक्त ट्रॅफिक. तिथे ताज्या माहितीचा फोन जिंकतो, वादच नाही. गणपतीला आणि शिमग्याला कोकण? मग घाट, रेंज नसलेले पट्टे आणि बंद रस्ते. महिन्यातून दोनदा समृद्धीवरून नागपूर? मग बोगदे आणि लांबचा सरळ रस्ता. गाडी कोण कोण चालवतं तेही लिहा. फोन ज्याचा तो घेऊन जातो, आणि वडील गाडी घेऊन निघाले की त्यांच्या फोनमध्ये अँड्रॉइड ऑटो कुणी जोडून दिलेलं नसतं. घरात साठीच्या पुढचा चालक असेल तर बटण दाबलं की चालू होणाऱ्या गाडीतल्या नेव्हिगेशनला माझ्या हिशेबात एक गुण जास्त.

पायरी दुसरी: सॅटेलाइट आणि रेंज यांची गल्लत सोडवा

‘घाटात रेंज गेली आणि जीपीएस बंद पडलं’ असं आपण सर्रास म्हणतो. जीपीएसला मोबाइलच्या रेंजशी देणंघेणं नाही. आकाशातल्या किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की यंत्राला आपली जागा कळते. तीन उपग्रह जागेसाठी आणि चौथा घड्याळातली चूक काढण्यासाठी, असं ढोबळपणे समजा. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला, रस्ता आखायला आणि ट्रॅफिक कळायला. म्हणजे ताम्हिणीत फोन आंधळा होतो तो नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसतो म्हणून. गाडीतल्या नेव्हिगेशनची जी मोठी जाहिरात होते, ‘रेंज नसली तरी चालतं’, ती फोनवर फुकटात मिळते. कशी, ते पुढे सांगतो.

गाडीतलं नेव्हिगेशन खरोखर वरचढ ठरतं ते बोगद्यात. तिथे आकाशच दिसत नाही, म्हणजे उपग्रह दोघांनाही नाहीत. पण नीट बनवलेल्या गाडीतल्या यंत्राला चाकं किती फिरली आणि गाडी किती वळली हे सेन्सरकडून कळत असतं. शेवटच्या ठिकाणापासून मोजत मोजत ते बाण पुढे सरकवतं. फोन बहुतेक वेळा आधीच्या वेगावरून अंदाज बांधतो. समृद्धीवरच्या इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यात याचा त्रास होत नाही, कारण आत वळायचंच नाही. मुंबईच्या कोस्टल रोडचा बोगदा २.०७ किलोमीटरचाच आहे, पण पुढे कुठल्या फाट्यानं निघायचं हे आतच ठरवावं लागतं. तिथे फोनचा बाण मागे राहिला की आपण भलत्याच बाजूला निघतो.

हे सेन्सर तुमच्या पसंतीच्या गाडीत आहेत का, हे सेल्समनला विचारून कळणार नाही. टेस्ट ड्राइव्हला गाडी एखाद्या मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये न्या आणि दोन चकरा मारा. बाण तुमच्याबरोबर वळला तर सेन्सर आहेत. जागच्या जागी थिजला तर तुम्ही जास्तीचे पैसे फक्त पडद्याचे देत आहात.

यात एक मधला मार्गही आहे. फोन अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेनं जोडला की बऱ्याच गाड्या स्वतःच्या अँटेनाची जागा आणि वेग फोनला पुरवतात. नकाशा ताजा राहतो आणि कान-डोळे गाडीचे मिळतात. सगळ्या गाड्या हे करत नाहीत. तीच तळघराची परीक्षा फोन जोडून पुन्हा घ्या.

पायरी तिसरी: शोरूममध्ये पडद्याची परीक्षा

टॉप मॉडेल आणि त्याच्या खालचं यांच्यात लाखभराचा फरक सहज असतो. त्यात सनरूफ, कॅमेरे, सीटकव्हर सगळं येतं हे मान्य, पण निर्णय नेव्हिगेशनवर अडला असेल तर अर्धा तास काढा आणि पडद्यासमोर बसा.

सेटिंग्जमध्ये नकाशाची आवृत्ती किंवा तारीख शोधा. गाडी नवीकोरी आणि नकाशा दोन वर्षांचा, असं आढळू शकतं. मग गावं शोधा. ‘खेड’ टाका: रत्नागिरीचं आणि पुणे जिल्ह्यातलं अशी दोन्ही खेड जिल्ह्याच्या नावासह समोर यायला हवीत. ‘नांदगाव’ टाका: नाशिकचं, कणकवलीजवळचं आणि मुरूडकडचं, तिन्ही वेगळी ओळखता आली पाहिजेत. एकच दाखवून गप्प बसणारा नकाशा तुम्हाला एक दिवस समुद्राऐवजी मनमाडकडे नेईल. त्यानंतर छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावं टाका. पहिली दोन २०२३मध्ये अधिकृत झाली, तिसरं २०२४मध्ये. जुन्याच नावानं सापडत असतील तर नकाशा किती शिळा आहे ते न विचारता कळलं. मुंबई-गोवा महामार्ग ६६ ऐवजी १७ दाखवत असेल तर बोलायलाच नको.

नाव देवनागरीत टाकता येतं का, मराठीत सूचना मिळतात का, तेही तिथेच बघा. इंग्रजी आवाजातले गावांच्या नावांचे उच्चार ऐकून मुलं हसतात, पण अनोळखी चौकात नेमका तोच उच्चार कळत नाही आणि वळण निसटतं.

आता पैशाचे प्रश्न. नकाशा अपडेट कसा होतो: हवेतून (म्हणजे इंटरनेटवरून) आपोआप, की सर्व्हिस सेंटरला जाऊन यूएसबीनं? किती वर्षं फुकट? त्यानंतर किती? ई-सिमची सेवा संपल्यावर नकाशा चालू राहतो आणि फक्त ट्रॅफिक जातं, की सगळंच बंद होतं? उत्तरं तोंडी घेऊ नका. कोटेशनच्या कागदावर लिहून मागा. मी एकदा मागितली तेव्हा तो मुलगा ‘मॅनेजरला विचारून येतो’ म्हणून गेला आणि चहाच घेऊन परत आला.

शेवटी फोन जोडून बघा, आणि जोडताना घरातले अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही जोडा. वायरलेस चालतं की वायर लागते, हे व्हेरियंटप्रमाणे बदलतं. काही गाड्यांत लहान पडद्याला वायरलेस आणि मोठ्या, महाग पडद्याला मात्र वायर, असा उलटा कारभारही होऊन गेला आहे. दुपारच्या उन्हात पडदा वाचता येतो का हे बघायला गाडी शोरूमबाहेर काढायला लावा. आवाज कमी करायला खरं बटण असेल तर उत्तम. घाटाच्या वळणावर टचस्क्रीन चाचपत बसण्याची वेळ येऊ नये.

पायरी चौथी: होल्डरवरचा फोन नीट लावा

गाडी जुनी असेल, पडदाच नसेल, तर तीनशे ते हजार-दीड हजाराचा होल्डर आणि बरा चार्जर एवढ्यात काम होतं. फक्त तो ‘कसाही’ लावू नये.

फोनचा शत्रू म्हणजे ऊन. ॲपल आपल्या फोनसाठी वापरायचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगतं. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा पंचेचाळिशीला टेकतो, काचेमागच्या डॅशबोर्डचं तर विचारूच नका. तापलेला फोन आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो आणि मग नेमक्या फाट्यावर बंद पडतो. म्हणून काचेला चिकटणाऱ्या होल्डरपेक्षा एसी व्हेंटला अडकणारा बरा. थंड हवा फोनच्या पाठीला लागते, काचेतून समोरचा रस्ताही झाकला जात नाही. लांबच्या प्रवासात फोनचं जाड कव्हर काढून ठेवा. होल्डर एअरबॅगच्या झाकणावर किंवा तिच्या वाटेत लावू नका. एअरबॅग उघडली तर तोच फोन तोंडावर येईल. गाडी लावून जेवायला उतरताना फोन खिशात घाला.

चार्जर किमान १८ वॅटचा हवा. स्वस्तातल्या चार्जरवर नकाशा चालू असताना बॅटरी वाढायच्या ऐवजी सावकाश उतरत राहते, आणि आपण ‘चार्जिंगला लावलाय’ या भ्रमात असतो. अँड्रॉइड ऑटो वायरवर जोडणार असाल तर वायर डेटा नेणारी हवी. काही वायरी फक्त चार्ज करतात, आणि निम्म्या ‘गाडी कनेक्ट होत नाही’ तक्रारींचं मूळ मला तरी अशा वायरीत सापडलं आहे.

माझा आवडता उपाय वेगळाच आहे. घरात पडलेला जुना अँड्रॉइड फोन घ्या, त्यात ऑफलाइन नकाशे भरा आणि तो गाडीसाठीच ठेवा. जीपीएसला सिम लागत नाही. फोन आला म्हणून नकाशा झाकला जात नाही, व्हॉट्सॲपच्या सूचना वरून घरंगळत नाहीत, आणि कुणाचा फोन लावायचा यावरून भांडणही नाही.

पायरी पाचवी: बाहेरून स्टिरिओ बसवायचा असेल तर

जुन्या गाडीत मोठा पडदा हवासा वाटणं समजू शकतो, रिव्हर्स कॅमेराही त्यातच येतो. पण इथे यंत्राइतकाच बसवणारा हात महत्त्वाचा. तुमच्या मॉडेलचा कपलर (वायर न कापता जोडणारा तयार प्लग) वापरणार की वायर कापून टेप गुंडाळणार, हा पहिला प्रश्न. वायर कापली तर वॉरंटीतल्या गाडीत विजेच्या प्रत्येक बिघाडाचं खापर त्या टेपवर फुटेल, आणि ते दर वेळी चुकीचंही नसेल. दुसरा प्रश्न जीपीएसच्या अँटेनाचा. ती काडेपेटीएवढी डबी काचेखाली, आकाश दिसेल अशी बसायला हवी. घाईत ती डॅशबोर्डाच्या आत लोखंडामागे कोंबली जाते आणि मग बाण शेजारच्या सर्व्हिस रोडवरून धावतो.

अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले चालतात का, हे विचारा, तेही दुकानात स्वतःचा फोन जोडून. ते चालत असतील तर त्या स्टिरिओची स्वतःची रॅम आणि ॲप्स यांना फार किंमत देऊ नका. दोन वर्षांत ती संथ होतातच. स्टिअरिंगवरची बटणं चालतात का ते पैसे देण्याआधी बघा. आणि पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी हा स्टिरिओ विमा कंपनीला कळवून पॉलिसीत जोडून घ्या. नाहीतर चोरीला गेल्यावर तो तुमच्या गाडीत कधी नव्हताच.

पायरी सहावी: निघण्याच्या आदल्या रात्री

हे मात्र सगळ्यांनी करायचं, गाडी कुठलीही असो.

गूगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर टॅप करून ऑफलाइन नकाशांचा पर्याय उघडा. चौकट ओढून पूर्ण मार्ग तिच्यात घ्या. जायचं ठिकाणच नव्हे, मधला घाट आणि त्याला असलेले पर्यायी घाटही आत यायला हवेत. वायफायवर उतरवून घ्या. रेंज गेल्यावर गाडीचा रस्ता त्यातून मिळतो, ट्रॅफिक आणि पर्यायी रस्ते मात्र मिळत नाहीत. म्हणून पर्याय आधीच ठरवा. हा नकाशा कालांतराने जुना होऊन बाद होतो, तेव्हा दर सहलीआधी एकदा अपडेट करा.

जोडीला ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँडसारखं ॲप ठेवता येईल. ही दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालतात आणि मोठा प्रदेश फोनमध्ये मावतो. दुकानं-हॉटेलं त्यात कमी, पण पायवाटा कधीकधी जास्त. मॅपमायइंडियाचं मॅपल्स हे देशी ॲपही उपयोगाचं. त्यात ठिकाणाला सहा अक्षरांचा पिन मिळतो.

कोकणातल्या वाड्या नकाशावर नावानं सापडत नाहीत. तिथे पाहुण्यांना सांगा: ‘काका, अंगणात उभे राहून व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवा.’ आलं की ते नकाशात उघडून सेव्ह करा, रात्रीच, रेंज असताना. शेवटच्या फाट्यावर उभं राहून फोन लावत बसायची वेळ निम्म्यानं कमी होते.

आणि रस्ता चालू आहे का ते माणसाला विचारा. वरंध घाट पावसाळ्यात वेळोवेळी बंद होतो. गगनबावड्याचा करूळ घाट २०२४मध्ये रस्त्याच्या कामासाठी दीर्घकाळ बंद होता. गाडीतल्या जुन्या नकाशाला यातलं काही कळण्याची सोय नाही, आणि फोनलाही ते कुणीतरी कळवल्यावरच कळतं. जानेवारी २०२१मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ पुण्याची एक गाडी रात्री नकाशाच्या भरवशावर धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि एकाचा जीव गेला. जुलै २०२५मध्ये बेलापूरला एक गाडी अशीच खाडीत पडली. चालक महिलेला सागरी पोलिसांनी वाचवलं. रात्री अनोळखी रस्त्यावर पुढे वाहनांच्या चाकोऱ्या दिसेनाशा झाल्या की थांबा, नकाशा काहीही म्हणो.

कायद्याचं थोडक्यात

१ ऑक्टोबर २०२०पासूनच्या नियमांप्रमाणे हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी आणि चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं वापरता येतं. होल्डरवर लावलेला नकाशा ठीक. फोन हातात धरून बोलणं किंवा टाइप करणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४खाली धोकादायक ड्रायव्हिंग. ठिकाण टाकायचं ते गाडी उभी असताना.

मग घ्यायचं काय?

नवी गाडी घेत असाल तर अँड्रॉइड ऑटो-कारप्ले असलेलं मॉडेल घ्या आणि केवळ नेव्हिगेशनसाठी वर चढू नका. वरचं मॉडेल इतर कारणांनी घेणारच असाल, तर नकाशाचे अपडेट फुकट किती वर्षं हे कागदावर आल्याशिवाय टोकन देऊ नका. गाडी अनेक हातांत फिरत असेल, ड्रायव्हर ठेवलेला असेल किंवा फोनशी न पटणारं माणूस चालवत असेल, तर हवेतून अपडेट होणारं गाडीतलं नेव्हिगेशन खरंच कामाचं. तिथे पैसे वसूल होतात. पाच-सात वर्षांच्या गाडीला होल्डर आणि जुना फोन पुरे. स्टिरिओ आवड म्हणून जरूर बसवा, गरज म्हणून नको.

मेव्हण्यानं आता वायर टाकून अँड्रॉइड ऑटो चालू केलंय. गाडीतलं जुनं नेव्हिगेशन त्यानं ठेवलंय, का ते विचारलं तर म्हणतो, ‘पैसे दिलेत.’

एक काम राहिलं. गाडी विकताना किंवा एक्स्चेंजला देताना पडद्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन फॅक्टरी रीसेट करा. जोडलेले फोन, कॉन्टॅक्ट्स, रोजचे मार्ग, मुलांच्या शाळेचा पत्ता असं सगळं आत राहिलेलं असतं, आणि गाडीचं ॲप असेल तर मालक म्हणून तुमचंच नाव तिथेही असतं. ते काढून टाका. चावी देण्याआधी ‘घर’ हे बटण एकदा दाबून बघा. कुठेच नेत नसेल तर गाडी द्यायला तयार आहे.